बहिऱ्या उंदरांना ऐकू आले, मग मुलांच्या उपचारासाठी थांबावे का? : आनुवंशिक बहिरेपण आणि जनुक बदललेले उंदीर

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. सध्या खान्देशातल्या अनेक कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. जन्मतः बहिरे असलेले उंदीर एका इंजेक्शनने ऐकू लागले, तेव्हा लहान मुलांच्या कानात यंत्र बसवण्याची घाई करू नये, दोन-चार वर्षांत औषध येईलच, असा त्याचा आशय आहे. यातले पहिले विधान खरे आहे आणि दुसरे एखाद्या मुलाचे आयुष्यभराचे नुकसान करू शकते. पहिल्यावरून दुसरे का निघत नाही, हे उंदरांवरचे प्रयोग कसे होतात ते पाहिल्याशिवाय उमगत नाही, म्हणून हा धागा काढला. मी प्राणिशास्त्र शिकवत असे, डॉक्टर नाही. उपचारांची बाजू त्या क्षेत्रातल्या मंडळींनी मांडावी.

दर हजार नवजात बालकांपैकी एका-दोघांना लक्षणीय श्रवणदोष असतो आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये त्याचे मूळ जनुकांत असते, असे विकसित देशांतील पाहण्या सांगतात. या जनुकीय बहिरेपणात सुमारे ७० टक्के मुलांना ऐकू न येण्याखेरीज दुसरा कोणताही त्रास नसतो. या मुलांपैकी बहुसंख्य, म्हणजे ८० टक्क्यांच्या आसपास, अप्रभावी आनुवंशिकतेची असतात. आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते, दोघांनाही उत्तम ऐकू येते, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरे जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. 'आमच्या सात पिढ्यांत कोणी बहिरे नाही' हे वाक्य आपल्याकडे वरचेवर ऐकू येते. त्याने या प्रकारच्या बहिरेपणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बहिरेपणाशी संबंधित जनुकेही एक-दोन नाहीत, शंभराहून अधिक आहेत, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

आता उंदीरच का, ते सांगतो. माणसाचा अंतःकर्ण कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात दडलेला असतो. यकृताचा किंवा त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो, पण जिवंत माणसाच्या कर्णावर्ताचा, म्हणजे अंतःकर्णातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या भागाचा, तुकडा काढला तर उरलेसुरले ऐकणेही जाते. आवाज टिपून नसेला संदेश देणाऱ्या तिथल्या केशपेशी मोजक्याच असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार, आणि सस्तन प्राण्यांत त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उंदराच्या कर्णावर्ताची रचना आपल्यासारखीच असते. त्याची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते, आणि माणसाच्या जवळपास प्रत्येक जनुकाला उंदरात जोडीदार जनुक सापडते.

या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग १९९८ सालचा आहे. इंडोनेशियातील बाली बेटावर बेंगकाला नावाचे एक गाव आहे. तिथे सुमारे दोन टक्के माणसे जन्मतः बहिरी आहेत आणि ऐकणारे गावकरीसुद्धा गावाची स्वतःची खूणभाषा वापरतात. या बहिरेपणाला कारणीभूत जनुक १७ व्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे, इथपर्यंत संशोधक पोहोचले होते. पुढची वाट मात्र सापडत नव्हती. दुसरीकडे 'शेकर-२' नावाची उंदरांची एक बहिरी जात प्रयोगशाळांत कित्येक दशके पाळली जात होती. हे उंदीर मान हलवत आणि स्वतःभोवती गोल फिरत, कारण त्यांच्या कानातला तोल सांभाळणारा भागही बिघडलेला होता. त्यांचा दोष उंदराच्या गुणसूत्राच्या ज्या भागात होता, तो भाग माणसाच्या त्याच १७ व्या गुणसूत्राशी जुळत होता. मग संशोधकांनी निरोगी उंदराच्या डीएनएचा त्या भागातला एक मोठा तुकडा घेतला आणि शेकर-२ जातीच्या फलित अंड्यात सोडला. जन्मलेल्या पिल्लांतल्या ज्या पिल्लाने तो तुकडा स्वीकारला होता, ते गोल फिरत नव्हते आणि त्याला ऐकू येत होते. म्हणजे हवे ते जनुक त्या तुकड्यातच होते. ते मायोसिन-१५ निघाले. त्यानंतर बेंगकालाच्या बहिऱ्या माणसांत आणि भारतातल्या दोन कुटुंबांत याच जनुकातले दोष सापडले. इथे उंदरावर औषधाचा प्रयोग झाला नव्हता. माणसाच्या आजाराचे मूळ शोधण्यासाठी उंदराचा उपयोग झाला, आणि हा उपयोग उपचारांच्या बातम्यांच्या गदारोळात विसरला जातो.

ही झाली जनुक घालण्याची पद्धत. जनुक बंद करण्याची पद्धत वेगळी आहे. गर्भातील मूलपेशींमध्ये नेमके एक जनुक निकामी करून त्यांपासून उंदीर वाढवणे १९८९ मध्ये जमले, आणि मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना त्यासाठी २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्रामुळे तेच काम पुष्कळ कमी वेळात होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे जनुक म्हणजे जीजेबी-२. ते कनेक्सिन-२६ नावाचे प्रथिन तयार करते. कर्णावर्तातील आधारपेशींना एकमेकींशी जोडणारी सूक्ष्म दारे या प्रथिनाची असतात. त्याचा बहिरेपणाशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला. भारतीय रुग्णांत त्याचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो, त्यात २२६ अमिनो आम्लांची साखळी २४ व्या जागीच थांबते. युरोपात आणि पूर्व आशियात या जनुकाचे वेगळे दोष प्रचलित आहेत. साहजिकच संशोधकांनी हे जनुक बंद केलेला उंदीर तयार करायला घेतला, तर पिल्ले अकराव्या दिवसाच्या सुमारास गर्भातच मेली. उंदराच्या वारेतून गर्भाला साखर पोहोचण्यासाठी हेच प्रथिन लागते. माणसाच्या वारेचे काम त्यावाचून अडत नाही. तोच दोष असलेले आपले मूल बहिरेपणाखेरीज धडधाकट जन्मते आणि उंदराचे पिल्लू जन्मतच नाही. उंदीर म्हणजे छोटा माणूस, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

त्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये एका फ्रेंच गटाने जनुक फक्त अंतःकर्णातच कापले जाईल अशी योजना केली. जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा ठेवायच्या आणि त्या खुणांवर कापणारे विकर केवळ कानातल्या पेशींत तयार होऊ द्यायचे. ही पिल्ले जगली. त्यांचा कान आधी नीट घडला आणि ऐकू येऊ लागण्याच्या सुमारास, म्हणजे जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी, आधारपेशी मरू लागल्या. केशपेशी त्यानंतर गेल्या. दोष आधारपेशींतला आणि मरण केशपेशींचेही, हे माणसाचा कान तपासून कधी कळले नसते.

पांझरा (धुळे)

सर, उत्तम मांडणी. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे चाचण्यांबद्दल थोडी भर घालते. आपण मुलांची जी बेरा चाचणी करतो, तीच उंदरांचीही करतात. उंदराला भूल देऊन कातडीखाली बारीक सुया लावतात, आवाज ऐकवतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत लहरी नोंदवतात. फरक आवाजाच्या पट्टीचा आहे. आपण जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तर उंदीर ८० हजारांच्याही वर ऐकतो आणि आपले खालचे खर्जातले आवाज त्याला ऐकू येत नाहीत.

व्हॉट्सॲपवरचा तो संदेश बहुधा ओटोफर्लिन या जनुकाच्या उपचारावरून निघाला असावा, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. या जनुकाचा बहिरेपणाशी संबंध १९९९ मध्ये कळला आणि ते बंद केलेले उंदीर २००६ मध्ये तयार झाले. त्या उंदरांच्या कानाची रचना जवळपास शाबूत होती, बाह्य केशपेशी व्यवस्थित काम करत होत्या, पण आतल्या केशपेशींकडून नसेला संदेशच सोडला जात नव्हता. याचा आमच्या रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून मिनिटाभरात होणारी ओएई चाचणी फक्त बाह्य केशपेशी तपासते. ओटोफर्लिनचा दोष असलेले बाळ ती चाचणी उत्तीर्ण होते आणि घरी जाते, प्रत्यक्षात त्याला काहीच ऐकू येत नसते. बेरा केली तरच ते उघड होते. एकाच चाचणीवर समाधान मानू नये असे मी पालकांना सांगते, त्यामागे या उंदरांचाही वाटा आहे.

कानाची रचना शाबूत राहते म्हणूनच उपचाराची पहिली संधी या जनुकाला मिळाली. अडचण त्याच्या लांबीची होती. जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही या विषाणूत सुमारे ४,७०० अक्षरे मावतात आणि ओटोफर्लिनला जवळपास ६,००० लागतात. म्हणून जनुकाचे दोन तुकडे करून ते दोन विषाणूंतून पाठवायचे आणि पेशीत गेल्यावर जुळू द्यायचे, अशी युक्ती २०१९ मध्ये उंदरांवर यशस्वी झाली. विशेष म्हणजे कान पूर्ण घडून गेलेल्या, महिनाभराच्या उंदरांतही ती चालली. पुढे शांघायमधील फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांना ही जनुके दिली गेली आणि त्यांतील पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याचे जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. इतके सगळे खरे आहे. मात्र जन्मतः बहिऱ्या मुलांत ओटोफर्लिनची मुले थोडीच असतात, आणि तोच विषाणू कनेक्सिनच्या मुलाला दिला तर काहीही होणार नाही.

केळीबाग (यावल तालुका)

सर, ताई, मी शेतकरी आहे, लिहिण्यात काही चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. आमची मुलगी दीड वर्षाची आहे. बेरात दोन्ही कानांना अतितीव्र दोष निघाला. रक्ताची जनुकीय तपासणी केली, अहवालात जीजेबी-२ लिहिले आहे आणि वर सरांनी सांगितलेला २४ व्या जागेचा दोष दोन्ही प्रतींत असल्याचे म्हटले आहे. माझी पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. घरात आता त्यावरून बोलणे सुरू झाले आहे आणि सर्व दोष तिच्याकडेच दिला जातो. दुसरीकडे ज्येष्ठ मंडळी तोच संदेश दाखवून शस्त्रक्रियेला थांबा म्हणतात. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा दोष कोणाकडून आला? आणि उंदरांत कनेक्सिनवर उपचार झाला आहे का?

गिरणाकाठ (जळगाव)

भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. मुलीच्या दोन्ही प्रतींत दोष आहे, म्हणजे एक तुमच्याकडून आली आणि एक वहिनींकडून. एकट्या आईकडून असे बहिरेपण येऊच शकत नाही. तुमची आई आणि वहिनींचे वडील ही सख्खी भावंडे, त्यामुळे एकाच आजी-आजोबांकडून निघालेली प्रत दोन्ही वाटांनी खाली आली असणे शक्य आहे. नात्यातल्या लग्नाने हा दोष निर्माण होत नाही. आधीपासून असलेल्या दोन सारख्या प्रती एकत्र येण्याची शक्यता तेवढी वाढते. हा विशिष्ट दोष भारतात इतका पसरलेला आहे की नात्याबाहेरच्या जोडप्यातही दोघे वाहक निघतात. पुढच्या अपत्याचा विचार असेल, तर त्याआधी जनुकीय समुपदेशन जरूर घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितकेसे दिलासा देणारे नाही. प्रयोग झाले आहेत आणि चालू आहेत, पण कनेक्सिनचे काम ओटोफर्लिनपेक्षा अवघड आहे. हे जनुक अगदी लहान असल्याने ते विषाणूत सहज मावते, अडचण ती नाही. ते आधारपेशींत पोहोचायला हवे आणि केशपेशींत नको, कारण केशपेशींत ही दारे मुळात नसतात. शिवाय उपचार पोहोचेपर्यंत कान शिल्लक राहायला हवा, आणि वर लिहिल्याप्रमाणे या दोषात पेशी मरून जातात.

तोरणमाळ (नंदुरबार, सध्या शिक्षणासाठी बाहेरगावी)

मी ज्या प्रयोगशाळेत शिकतो तिथे जनुक बदललेले उंदीर वापरले जातात, त्यामुळे बातम्यांत न येणाऱ्या दोन बाबी सांगाव्याशा वाटतात.

पहिली बाब वयाची. उंदराचे पिल्लू बहिरेच जन्मते. त्याला साधारण बाराव्या दिवसापासून ऐकू येऊ लागते. माणसाचे बाळ आईच्या पोटातच ऐकू लागते. त्यामुळे एक-दोन दिवसांच्या पिल्लाच्या कानात दिलेले इंजेक्शन हे माणसाच्या हिशेबाने गरोदरपणाच्या मध्यावर गर्भाला दिलेल्या इंजेक्शनासारखे ठरते. बहिऱ्या उंदरांच्या अनेक गाजलेल्या यशांमागे हेच वय आहे. २०१८ मध्ये 'बीथोव्हेन' नावाच्या उंदरांवर क्रिस्परने जो प्रयोग झाला, तोही नवजात पिल्लांवरच होता. तिथे टीएमसी-१ या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, दोष प्रभावी असतो, म्हणजे एकच बिघडलेली प्रत बहिरेपणाला पुरते, आणि फक्त बिघडलेली प्रत कापून निरोगी प्रत शाबूत ठेवण्यात संशोधकांना यश आले. बहिरेपण पूर्ण गेले नाही, ते लक्षणीय प्रमाणात रोखले गेले.

वयाचा मुद्दा पेंड्रिन नावाचे जनुक बदललेल्या उंदरांनी जितका स्पष्ट केला तितका दुसऱ्या कोणी केला नसेल. या जनुकाच्या दोषात अंतःकर्णातील एक नलिका फुगलेली राहते आणि काही रुग्णांना गलगंडही होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे उंदीर तयार केले होते, की डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देत असेपर्यंत जनुक चालू आणि ते थांबवले की बंद. औषध देण्याच्या तारखा बदलत गेल्यावर दिसले, की गर्भावस्थेच्या सोळाव्या-सतराव्या दिवसापासून जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत जनुक चालू राहिले, तर पुढे ते बंद केले तरी उंदराला नीट ऐकू येते. एवढ्या काळात ते मिळाले नाही, तर कानाची घडण बिघडते. याला उपचाराचा प्रयोग म्हणता येणार नाही, पण उपचार कधी करावा लागेल हे त्याने सांगितले. बातमी मात्र झाली नाही.

दुसरी बाब उंदराच्या जातीची. जनुक बदलण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी सी-५७-ब्लॅक-६ ही जात मुळातच वयाबरोबर बहिरी होत जाते, कारण तिच्यात कॅडहेरिन-२३ या जनुकाचा एक कमकुवत प्रकार असतो. काही महिन्यांतच तिचे वरच्या पट्टीचे ऐकणे घसरू लागते. असा उंदीर सहा महिन्यांनी बहिरा निघाला, तर दोष आपण बदललेल्या जनुकाचा की जातीचा, हा प्रश्न उरतो. म्हणून तुलना नेहमी त्याच विणीतल्या, जनुक न बदललेल्या भावंडांशी करावी लागते, किंवा म्हातारपणीही चांगले ऐकणारी सीबीए जात घ्यावी लागते. कोणताही शोधनिबंध हाती आला की मी आधी पिल्लांचे वय आणि उंदरांची जात पाहतो; शीर्षक नंतर.

वाळवंट (अमळनेर)

चर्चा ज्ञानवर्धक आहे, तरी एक बोच व्यक्त करतो. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांच्या वाडीच्या छायेत वाढलेल्या माझ्यासारख्याला, मुद्दाम बहिरे जन्माला घातलेले जीव ही कल्पना स्वीकारणे जड जाते. मुलांचे भले व्हावे, पण त्यासाठी इतके प्राणी लागतातच का? पेशींवर किंवा संगणकावर हे होणार नाही का?

तोरणमाळ (नंदुरबार, सध्या शिक्षणासाठी बाहेरगावी)

दादा, हा प्रश्न आम्हालाही विचारला जातो आणि विचारला जावा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीच्या मान्यतेशिवाय असा प्रयोग सुरू करता येत नाही. किती प्राणी आणि का, वेदना कशी टाळणार, पर्याय का चालत नाही, हे सर्व लेखी द्यावे लागते. मूलपेशींपासून अंतःकर्णाच्या ऊतींचे गोळे बशीत वाढवता येतात, उंदराच्या पेशींपासून ते २०१३ मध्ये जमले आणि नंतर मानवी पेशींपासूनही. त्यामुळे काही प्रश्नांसाठी प्राणी लागेनासे झाले आहेत. पण बशीतल्या पेशीला ऐकू येते का, हे तपासता येत नाही. जो उंदीर केवळ बहिरा आहे तो पिंजऱ्यात खातो, वाढतो, पिल्ले देतो. गोल फिरणाऱ्या जातींची स्थिती तितकी सोपी नसते आणि त्यांची जास्त काळजी घ्यावी लागते. शेवटी कर्णावर्त तपासण्यासाठी प्राण्याला मारावे लागते, हेही लपवण्यात अर्थ नाही. तुमची बोच मला गैर वाटत नाही.

कान्हदेश (धुळे जिल्हा)

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतो. आमचे माजी विद्यार्थी बहुधा आपसांतच लग्न करतात आणि त्यांचे आईवडील नेहमी विचारतात, की दोघे बहिरे, मग मुले बहिरीच होणार ना? माझा अनुभव असा आहे की कित्येक जोडप्यांची सगळी मुले ऐकणारी आहेत. याचा खुलासा होईल का? आणखी एक सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आपण दुरुस्त करण्याची वस्तू आहोत असे वाटत नाही, आणि बहिरे मूल झाले तर त्यांना त्याचे दुःखही नसते. उपचारांवर बोलताना त्यांचेही मत कोणी विचारावे.

गिरणाकाठ (जळगाव)

सर, याचे उत्तर उंदीरपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. बहिऱ्या उंदरांच्या दोन जातींचा संकर केला आणि पिल्लांना ऐकू आले, तर दोन्ही जातींचे दोष वेगवेगळ्या जनुकांत आहेत असे समजायचे, कारण प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक निरोगी प्रत मिळते. सगळी पिल्ले बहिरी निघाली, तर दोष एकाच जनुकात. अप्रभावी दोष असलेल्या माणसांच्या जोडप्यांनाही हेच लागू पडते. पती आणि पत्नी दोघांना कनेक्सिनचा दोष असेल तर सर्व मुले बहिरी होतील. एकाला कनेक्सिनचा आणि दुसऱ्याला मायोसिन-१५ चा असेल तर सर्व ऐकणारी होतील. ज्यांचे बहिरेपण गोवर, कावीळ, मेंदूज्वर अशा कारणांनी आलेले असते, त्यांच्याकडून तर ते पुढे जातच नाही. तुमचा दुसरा मुद्दा रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच, की दीड वर्षाचे मूल स्वतःचे मत देऊ शकत नाही आणि भाषा शिकण्याचा त्याचा काळ थांबत नाही. मग ती भाषा बोलीची असो की खुणांची.

पांझरा (धुळे)

केळीबाग दादा, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देते. कनेक्सिनच्या दोषात बिघाड कर्णावर्तात असतो, श्रवणाची नस सहसा चांगली असते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र, मेलेल्या केशपेशींना वगळून थेट नसेलाच संदेश देते, त्यामुळे या मुलांना त्याचा फायदा सामान्यतः चांगला होतो. म्हणजे तुमच्या हातातला अहवाल शस्त्रक्रिया लांबवण्याचे कारण नाही, उलट ती करण्याच्या बाजूने आहे. तोवर श्रवणयंत्र लावा आणि स्पीच थेरपी आजपासून सुरू करा, कारण शस्त्रक्रियेनंतरही खरे काम तेच असते. खर्चासाठी केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटला साहाय्य मिळते. वयाची अट असल्यामुळे अर्ज लवकर करावा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत याची माहिती मिळेल, आणि तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलीची नोंद करून ठेवा. पुढे कधी कनेक्सिनवर जनुकोपचार आलाच, तर ज्या कानात इम्प्लांट बसवलेले नाही तो कान मोकळा असेलच, असे काही पालक म्हणतात आणि एकाच कानाची शस्त्रक्रिया करतात. दोन्ही कान की एक, हे तुमच्या सर्जनशी बोलून ठरवा. पहिल्या कानाच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र त्या वादात पुढे ढकलू नका.

केळीबाग (यावल तालुका)

ताई, सर, मनापासून आभार. सरांचे उत्तर घरी आईला आणि मामांना वाचून दाखवले. एडिपच्या अर्जाला मुलीचे दिव्यांग प्रमाणपत्र लागते की बेराचा अहवाल पुरतो, तेवढे कळवावे.

पांझरा (धुळे)

प्रमाणपत्र काढूनच ठेवा, पुढे शाळेसाठीही ते लागते. जिल्हा रुग्णालयात जाताना बेराचा मूळ अहवाल, जनुकीय अहवालाची प्रत, मुलीचा जन्मदाखला, आधार आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.